नसलेली पेरं

फाउस्तिना, अंगठा लाव करंगळीच्या बुडाशी
आणि असा वर सरकवत ने.
एका बोटाची तीन, चार बोटांची बारा.
माझ्या डाव्या हाताची आठच भरतात.
कणीक तिंबायला आठ पुरतात,
तुझ्या आईची त्याबद्दल तक्रार नाही.

उंदरांनी नाही गं खाल्ली.
आमच्यात घरचं माणूस गेलं
की बाई एक पेर त्याच्यासोबत धाडते.
मग डोक्याला आठवावं लागत नाही,
हातच विसरू देत नाही.

माझ्या पेरांच्याही आधी,
जिचा पलीकडचा काठ दिसत नाही त्या नदीतून
शिडं लावलेली घरं आली.
उतरलेल्यांनी सोनं विचारलं.
आमच्याकडे गवत होतं,
पळणारे न्यांदू होते, त्यांच्या पायांत फेकायला
चामड्याच्या दोरीला बांधलेले गोटे होते.
भांडले, मेले, उरलेले निघून गेले.
संपलं, असं म्हातारे म्हणाले.

मग गाई आल्या.
नुसत्या गाई. गुराखी नाही, कुंपण नाही.
कुणीतरी नदीपार आणून सोडून दिलेल्या.
गवताने त्यांना नको म्हटलं नाही,
आम्हीही नाही.
दोनाच्या दहा, दहाचं क्षितिज झालं.
बायांनी कातड्यांची पांघरुणं केली,
आतल्या अंगाला लाल-निळ्या रेघा काढल्या,
पोरं लठ्ठ झाली त्या वर्षांत.
आम्हाला वाटलं, देणं आहे.
ती पेरणी होती, फाउस्तिना.
पेरल्या गाई,
उगवले मालक.

मालकांमागून घंटा आली, घंटेमागून देवीचे फोड.
दोन राजांनी कुठेतरी लांब बसून
आमच्या शिकारीच्या रानातून रेघ ओढली.
आमचे घोडे अडाणी.
त्यांना ती वाचता येईना,
म्हणून आम्ही चोर ठरलो.

यू. हे पहिलं, बापाचं.
त्या रेघेवर पडला, इकडे डोकं, तिकडे पाय.
साम. हे नाही सांगणार.
देती. तुमच्या स्वातंत्र्याच्या लढाईत
माझा नवरा भाला घेऊन सगळ्यांच्या पुढे होता.
जिंकलो म्हणे.
त्या दिवशी मीही नाचले होते,
मग कुणीतरी त्याचा घोडा रिकामा आणला.

बेतुम.
ओढ्यावर या म्हणाले सगळे,
बायापोरांसकट या, आता आपण एकाच देशाचे.
मांस भाजलं होतं, दारूची पिंपं होती.
माझ्या लेकाने पहिल्यांदाच प्यायली, हसत होता.
बंदुका झाडांमागे होत्या.
त्या ओढ्याचं नाव माहीत आहे तुला?
निघता आलं तर निघ.
खरंच तेच नाव, आधीपासूनचं.
आम्हाला वाचता येत नव्हतं,
पण ऐकू तर येत होतं.

उरलेल्यांना चालवत इथे मोन्तेविदेओत आणलं
आणि वाटून टाकलं, घरटी एक.
पाद्र्याने डोक्यावर पाणी ओतलं, म्हणाला, त्रान्सितो.
आधीचं नाव कापून दिलेलं नाही मी.
ते आहे, ठेवलंय.

आमची मोजणी चारापाशी वळते.
पाच म्हणजे चार आणि एक:
बेतुम-यू.
हे बघ पाचवं, अजून जागेवर आहे.
माझी धाकटी बंदरावरच्या गर्दीत
कुणाच्या तरी गाडीत चढवली.
तुझ्याएवढी होती. हिरवी बग्गी,
एक चाक करकरणारं.
कुणी म्हणतं ती याच गावात आहे,
कुणी म्हणतं समुद्रापार.
ती आहे की नाही हे कळेपर्यंत
हे पेर माझ्याजवळ राहू दे.

ऊठ आता, पीठ फुगलं.
आईने विचारलं तर सांग,
मोजायला शिकत होते.
आणि रस्त्यावर चाक करकरलं
की मला हाक मार.