रशियासाठीचा शेवट

वाल्बीच्या त्या काचेच्या छपराखाली
प्रत्येक गोष्टीला दोन शेवट असत.
एक आमचा, जर्मनांचा, लंडनवाल्यांचा:
पत्र वेळेवर पोचतं, नवरा दाराशी उभा.
दुसरा रशियासाठी.
तिकडच्या वितरकाची तारच होती,
रडू येईल असं काहीतरी पाठवा,
लग्नं इथे खपत नाहीत.

म्हणून मी पोशाख दोन शिवायची,
एक कोरडा राहणारा, एक बुडणारा.
बुडणाऱ्याच्या काठात शिशाच्या गोळ्या,
नाहीतर झगा पाण्यावर फुगून येतो
आणि प्रेत हसू आणतं.
लेस चहात भिजवून पिवळी करायची,
पांढरी नुसती भगभगते.
लाल तिथे काळं पडतं, निळं पार उडून जातं.
रिग्मोर थालबोचे डोळे निळे.
मग कॅमेऱ्याशेजारी मी काळं मखमल धरून उभी,
त्याचा काळोख थोडा तरी तिच्या बुबुळांत उतरावा म्हणून.

सकाळी अकराला, ऊन बरं असेतो,
ती सुखी व्हायची.
मग राईच्या पावावर खारवलेला हेरिंग,
कॉफी, माझ्या खांद्यावर पाच मिनिटांची डुलकी,
आणि दोनला मरायची.
डिरेक्टर ब्रॉकमन घड्याळाचं झाकण मिटून म्हणत,
"चला बाई, रशिया."

एकोणीसदा मेली.
मी मोजलंय, शिवण माझी होती.
विषाने, घोड्यावरून पडून, दोनदा क्षयाने,
आणि एकदा नुसतीच, खिडकीपाशी, काही कारण नसताना.
त्या दिवशी ब्रॉकमनना काही सुचलंच नव्हतं.

पुढे लढाई लागली. सीमा मिटल्या.
तारा येईनात. दोनला आम्ही घरी जाऊ लागलो.
मग अकरालाही कोणी बोलावेना.

तिने ओडेन्सला तंबाखूचं दुकान काढलं.
नवरा बुटका, मुलगे तीन, गुडघे दुखरे.
दर नाताळला मला सिगारच्या रिकाम्या पेट्या पाठवायची,
बटणं ठेवायला.
ऐंशीला दोन कमी असताना झोपेत गेली.
असलं मरण ब्रॉकमननी घेतलं नसतं,
त्यात बघण्यासारखं काय आहे?

आमच्याकडचे डबे कधीच जळाले.
एका उन्हाळ्यात गोदामाने पेट घेतला
आणि सगळी लग्नं तासाभरात राख.
उरला तो एक, लेनिनग्राडहून परत आलेला,
झाकण गंजून बसलेलं.
त्यात ती बुडते, हे काय सांगायला हवं?

म्युझियमच्या पोरांनी मला पहिल्या रांगेत बसवलं.
पलीकडे तिचे नातू. धाकटा रडला,
तीन मुलगे वाढवलेल्या आजीला
असं तेविसाव्या वर्षी जाताना बघून.
मी मात्र काठच बघत होते.
डावीकडची एक गोळी निसटली होती,
झगा जरासा वर येतो.
साठ वर्षांनी लाज वाटली मला.

पाणी स्थिर होतं, आणि तिथेच पट्टी संपते.
ब्रॉकमनची कात्री.
त्यापुढचं जमिनीवर पडलं, केर म्हणून गेलं,
पण मी तिथे होते.
ती हौदात उठून बसते, नाक शिंकरते,
रशियाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते,
आणि माझ्याकडे न बघताच
हात पुढे करते,
टॉवेलसाठी.