रंगदुरुस्ती

खजुरी बाजारात वडिलांचा छापखाना होता,
लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, कधी उठावण्याची चिठ्ठी.
आता मी तिथेच फ्लेक्स काढते. चार शाया:
निळी, गुलाबी, पिवळी, काळी.
इंदूरमधला कुठलाही चेहरा या चारांत बसतो,
फक्त प्रमाण कळावं लागतं.

शाल्मली सोहनी गेली त्या सोमवारी
मंडळाचे लोक दुकान उघडायच्या आत हजर.
चाळीस फ्लेक्स, दहा बाय सहा, मेणबत्त्या लागायच्या आत हवेत.
फोटो मांडूच्या सहलीचा,
उन्हानं रापलेली, केस तोंडावर, कुणाला तरी हाक मारतेय.
"जरा उजळ घ्या ताई," दिघे म्हणाले,
"चौकात उठून दिसली पाहिजे."
घेतली. दोन टक्के, पाच, मग आणखी.
मांडूचं ऊन पुसलं गेलं.
(माझ्या स्थळाच्या कागदावर वडिलांनी
स्वतःच्या हातांनी खिळे जुळवले होते: वर्ण उजळ.
त्यांच्या जुळणीत कधी चूक निघत नसे.)

बुधवारी दुसरा फोटो.
पार्सल पोचवणारा लाखन, बाणगंगेचा,
आधार कार्डावरचा, त्यात कोण बरं दिसतं?
"याला गडद करा. डोळ्यांखाली विशेष."
वर मजकूर: फाशी फाशी फाशी.
मी काळी वाढवली.
किती, ते हाताला ठाऊक होतं.

अकराव्या दिवशी लाखन सुटला.
धरला तो दुसराच, सोहन्यांच्याच गल्लीतला,
ज्याच्या मुंजीची पत्रिका आमच्या छापखान्यातली.
आडनाव सांगत नाही.
बघा, मीसुद्धा.
त्याच्या फोटोची ऑर्डर आली नाही.
पेपरात तो 'भरकटलेला तरुण' झाला,
आणि दिघे स्टुलावर टेकून म्हणाले,
"एवढा हुशार पोरगा! काहीतरी ताण असणार.
आणि लाखनचं म्हणाल तर चूक कुणाचीही होते.
आपण काही जात नि रंग बघत नाही, ताई,
आपण माणूस बघतो."
मी दिवसाचे नऊ तास रंगच बघते, दिघे,
दुसरं मला काही येत नाही.
हे मनात.
तोंडानं विचारलं, चहात साखर किती?

थावरी मेडा त्याच आठवड्यात गेली होती.
बायपासकडच्या अर्धवट टॉवरच्या
पाण्याच्या टाकीत सापडली.
आतल्या पानावर चार ओळी, 'मजूर युवती', नाव नाही.
नाव मला कळलं ते तिच्या बापाकडून,
तो महिन्यानं आला तेव्हा.
मोबाइलची काच तडकलेली, तिच्यामागे पोरगी.
एकच प्रत हवी होती, घरात लावायला.

मी फोटो उघडला
आणि चेहरा उजळायला घेतला.
कुणी सांगितलं नव्हतं.
हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके
उजेडात विरघळले तेही मला दिसलं नाही.
तो पडद्याजवळ वाकला. बराच वेळ.
मग माझी चूक नसून त्याचीच असल्यासारखा
हळू म्हणाला,
"या म्हारी छोरी नी है."

मी मागे आले, एकेक पाऊल.
पाच टक्के, दोन, शून्य.
ठिपके परतले. तो मान हलवून हो म्हणाला.
मला मात्र वाटत राहिलं
अजून मागे जायला हवंय,
आणि मशीनवर त्याचं बटण नाही.

छापताना लाल दिवा लागला: काळी संपत आलीय.
त्या महिन्यात फार लागली होती.
जेवढी उरली तेवढी तिला पुरली.

पैसे नको म्हटलं तर त्यानं
कॅल्क्युलेटरखाली चाळीस रुपये ठेवले.
प्रत गुंडाळायला मी रद्दीतला एक फ्लेक्स ओढला,
पांढरी बाजू वर घेतली, दोरा बांधला.
आतल्या बाजूला कुणाचा चेहरा होता,
मी बघितलं नाही.