बर्फाची पाटी

खडेबाजारातल्या कसायाकडून
बकऱ्याची मूत्रपिंडं आणायचो मी, रोज दोन.
कडोलकर डॉक्टर रात्री ती शिवत बसायचे,
केसाहून बारीक दोऱ्यानं,
मग पाणी सोडून बघायचे, गळतंय का.
सहा महिने गळत होतं.
सातव्यात माझ्या घरी मटण बंद झालं.

मग बेकवाडचे दोघे भाऊ आले,
खानापुरात कौलांच्या भट्टीवरचे.
भरमानं दिलं, यल्लाप्पानं घेतलं.
मधल्या दारातून मी पळालो,
पाटीत बर्फ, बर्फात वाडगा,
वाडग्यात पेरूएवढं काहीतरी, राखाडी.
टाके संपले. चिमटा सुटला. ते गुलाबी झालं.
नळीतून एक थेंब.

"बाबू, मुतलं की रे!" डॉक्टर ओरडले.
कानडी, मराठी, इंग्रजी जाणणारा माणूस,
तेवढाच शब्द सापडला त्यांना.

एकोणीस दिवस मी मापं लिहिली.
विसाव्याचा रकाना कोरा आहे.

भरमा अजून येतो, दसऱ्याच्या बाजाराला.
कूस चाचपत विचारतो,
"डॉक्टरनी पुढं जमवलं की नाही ते?"
जमवलं, मी म्हणतो. बाविसावा पेशंट
परवाच गोकाकच्या बसमधून उतरला,
हा बघ त्यानं दिलेला करदंट.

भरमा एक तुकडा तोंडात टाकतो.
उरलेला पुडा
यल्लाप्पाच्या पोरांसाठी बांधून घेतो.