क्वेरी

क्लेम परत आला, लाल अक्षरांत:
"रात्री दहा ते सकाळी सात, या काळात नेमके कोणते उपचार केले?"

लोहगावातली माझी दोन खाटांची खोली.
वरून विमानं, आत राउटरचा हिरवा दिवा.
टॅबवर यादी उघडते. सलाईन, टाके, इंजेक्शन,
ज्याचा त्याचा कोड.

काय निवडू?
तरन्नुमची कंबर चोळली. शिव्या देत होती, देऊ दिल्या.
तिच्या सासूला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं.
दर अर्ध्या तासानं पोटाला कान,
म्हणजे डॉपलर. ठोके आपोआप ॲपमध्ये गेले,
खोटं कशाला बोलू, बरं पडतं.
गेल्या महिन्यात विद्या कुचेकरचं बीपी
त्यानंच आधी ओळखलं, आणि ती वेळेत ससूनला पोचली.

पण तीन ते पाच?
तीन ते पाच मी नुसती बसून होते,
हात धुतलेले, नखं कापलेली,
मध्ये न पडता.
एवढं शिकायला मला अकरा वर्षं लागली.

"इतर"वर बोट ठेवते.
रिकामा चौकोन उघडतो.
लिहिते: थांबले.

पोर्टल म्हणतं,
किमान वीस अक्षरं हवीत.