कोमट इंजिन

जुलैतली पहाट. ओटॅगोत या दिवसांत
दहिवर गोठून काच होतं.
त्या काचेवर, लोकरीच्या शेडपासून फाटकापर्यंत,
दोन काळ्या रेघा.
रॉरी तर परवाच मेंढ्यांच्या बाजाराला गेलाय.
मी हातमोजा काढून क्वाडबाईकच्या इंजिनावर तळवा टेकवला,
पोराच्या कपाळावर टेकवतात तसा.
कोमट.

नेल अकरा वर्षांची. चौतीस किलो.
लोकरीच्या गठ्ठ्यांच्या काट्यावर तोललं तिला, बुटांसकट;
बूट काढायला तयारच नव्हती.
मशीन तीनशे किलोचं.
टाकीवरच्या स्टिकरवर एक मूल, त्यावर लाल फुली,
शेजारी सोळाचा आकडा. त्यातला सहा
रॉरीच्या गुडघ्यानं घासून घासून गेलाय.
एक तेवढा उरलाय.

शेजारचा लॅकी म्हणतो, आमचा आठव्या वर्षीच बसला,
पाय पोहोचले की झालं.
पोहोचतात. बघितलंय मी.
ब्रेकपर्यंत बोटंही पोहोचतात.
पण आडव्या उतारावर हे धूड कलायला लागतं
तेव्हा अंग वरच्या बाजूला झोकायचं असतं,
नेमकी भीती खाली ओढत असताना.
तोल म्हणजे शेवटी वजनच की.
चौतीस किलो झोकून झोकून किती झोकणार?

नदीपलीकडच्या त्या घराबद्दल आम्ही बोलत नाही.
त्यांचा कुत्रा तेवढा आता आमच्याकडे असतो.
क्वाड सुरू झाली की
शेपूट घालून शेडखाली जातो.

न्याहारीला ती पेजेत चमचा फिरवत बसली.
किल्ली खुंटीवरच होती,
कुत्र्यांच्या जंतांच्या गोळ्यांशेजारी,
पण उलटी टांगलेली.
मी काही विचारलं नाही.
"आई, मी फाटकापर्यंत गेले होते."
चमचा थांबला.
"हेल्मेट नव्हतं. शोधलं असतं तर तू जागी झाली असतीस."
मग जरा वेळानं, पेजेकडेच बघत,
"वळताना एक बाजू उचलली गेली. उजवी.
तिथंच उतरले. घाम फुटला होता.
परत आणली ती तुझ्या चालीनं."

ओरडायचं होतं मला. ओठांपर्यंत आलेलं
चहाबरोबर गिळलं.
कुठली बाजू, ते तिला माहीत होतं.
लॅकीच्या पोराला विचारा, काहीच उचललं गेलं नव्हतं म्हणेल.
त्याच्या बापालाही विचारून बघा.

हो म्हणाले नाही.
बाबा आल्यावर बघू, हे नेहमीचंही नाही.
बूट घाल, म्हटलं, पायी जायचंय.
दिवसभर टेकडी चाललो, तिला पुढे घालून.
चाक जिथं फसेल तिथं थांबायचं, एवढंच सांगितलं.
सशांची बिळं. टसॉकच्या बुंध्याखालची पोकळी.
सावलीतला बर्फ, जो दुपारीही सुटत नाही.
मेंढ्यांची वाट, वरून सपाट दिसणारी.
मी मोजायचं सोडून दिलं.
ओढ्याच्या काठावर मी पुढे पाय टाकणार
तर तिनं बाही धरली.
मला काही दिसेना.
"काय आहे?"
"माहीत नाही," म्हणाली. "बरं नाही वाटत."
वळसा घालून आलो.

रात्री किल्ली लपवावी म्हणून उठले.
मुठीत घेऊन उभी राहिले अंधारात. गार होती.
पुन्हा खुंटीला अडकवली. सुलटी.
हेल्मेट तेवढं तिच्या पलंगाच्या पायाशी नेऊन ठेवलं.
सोळाला अजून पाच हिवाळे.
कुत्रा दारात आडवा झोपला होता,
त्याला ओलांडून मी आत आले.