पाऊण डोंगर

अंदाज तीन होते, तिघांच्या तीन फोनांत.
येर्नेयचा म्हणे स्वच्छ, तिलेनचा म्हणे दोननंतर सरी,
माझा तासातासाला मत बदलत होता.
नेझाचा फोन डबक्यात पडल्यापासून
फक्त वेळ सांगतो, तीही चुकीची.
बोहिनच्या तळ्यावर पहाटे धुकं इतकं दाट
की वल्ह्याने कापून पावाला लावावं.
आम्ही निघालो.

बीचच्या जंगलातला चढ, सगळ्यात हलका गिअर,
चाक फिरतं आणि डोंगर तिथेच.
तिलेन चढावरही बोलतो, तेवढा दम आहे त्याच्यात.
बाकीचे आम्ही हं, हं, हं.
कुरणावर गायींनी वाट अडवली.
गवळी व्हिन्को चीज कापत होता;
त्याने सुरीचं टोक आभाळाकडे केलं
आणि काहीच म्हणाला नाही.
आम्ही त्याचा सोयीचा अर्थ घेतला.

पुढे सायकली खांद्यावर.
पेडल बरगडीत रुततं, हँडल कानाशी येतं,
माझा उजवा गुडघा
मागच्या हिवाळ्यापासून स्वतःचं वेगळं मत राखून आहे.
वर ऊन, खाली ऊन.
मध्येच एक ढग, मूठभर लोकरीएवढा,
कड्यापलीकडून डोकावला आणि गेला.
पुन्हा डोकावला. या वेळी गेला नाही.

शिखर वीस मिनिटांवर.
तिथे पत्र्याचा डबा आहे, डब्यात वही,
वहीला दोरीने बांधलेला शिक्का;
तिलेनने सकाळपासून तीनदा विचारलंय, शाई असेल ना?
तेवढ्यात नेझा थांबली.
खांद्यावरची सायकल गवतात आडवी ठेवली,
तापल्या तव्यावरून हात काढावा तशी मागे सरली.
म्हणाली, गुणगुणतंय.
काय?
हँडल.

येर्नेय मधमाश्या पाळतो. त्याने कान लावला,
पेटीला लावतो तसा, डोळे मिटून.
माझ्या नाहीत, म्हणाला, आणि हसला.
तिलेननेही लावला. त्याला शिक्काच ऐकू येत होता.
मग सगळे माझ्याकडे.

मी ऐकलं.
वारा होता. माझाच श्वास होता.
खूप खाली एका गायीची घंटा होती.
मी म्हणालो, हो,
मलाही येतंय ऐकू.

उतरलो. कुणी कुणाशी बोललं नाही.
जंगलाच्या काठाशी पोचेस्तोवर
ढग आल्या वाटेने निघून गेला होता.
आभाळ असं निळं की आपल्यालाच ओशाळं व्हावं,
आणि शिखर उन्हात उभं,
नाहक आळ आल्यासारखं.

न आलेल्या वादळाला
साक्षीला कुठून बोलावणार?
आलं असतं तर नेझाचे पाय धरले असते आम्ही.
आलं नाही, म्हणून तिलेन
ओल्या मुळांवरून नको तितक्या वेगाने सुटला
आणि दुसऱ्याच वळणावर चिखलात गेला, तोंडावर.
उठला तेव्हा दातसुद्धा काळे.
हसलो सगळे, गरजेपेक्षा जास्त.
नेझा सोडून.

संध्याकाळी येर्नेयच्या अंगणात
सायकली धुताना तिने हळूच विचारलं,
खरंच आलं होतं तुला ऐकू?
मी नळ मोठा केला.
चेनमधून चिखल निघतो, निघतच राहतो.
गुडघा सुजून पावाएवढा झाला होता
आणि मला वाटलं, ती त्याच्याकडेच बघतेय.

येर्नेय पलीकडे, रंगवलेल्या पेट्यांपाशी,
तोंडात उकडलेला बटाटा, पाठ आमच्याकडे.
बायको सांगत होती, म्हणाला,
आज भरदुपारीच परतल्या सगळ्या.
एकही बाहेर नव्हती.
एवढं ऊन असून.

त्याने झाकण लावलं, वर दगड ठेवला.
त्यांना कुणी विचारलं नाही,
काय ऐकलंत.