दारी

उद्यमबागेतली भट्टी रविवारी थंड असते,
म्हणून आमचे हात मोकळे.
सहाची जांबोटी गाडी, मागच्या बाकाखाली दोन पहारी.
कंडक्टर दर वेळी विचारतो, ह्यांचं तिकीट?
भरमाणी हुंदरे दर वेळी म्हणतो,
"झोपल्यात. उठल्या की फाड."

कणकुंबीच्या अलीकडं उतरायचं.
पुढं चढ,
त्यात दोनशे अकरा पायऱ्या आम्ही बसवलेल्या,
नंबर फक्त आमच्या डोक्यात.

वाट पायांनी मरत नाही, पाण्यानं मरते.
पाणी आळशी. आयती खाच मिळाली की
आत शिरतं आणि घर करतं,
गणपती येईतो वाटेचा गुडघाभर ओहोळ.
म्हणून दर वीस पावलांवर आडवा चर,
उतार किती, तर
आमटी भाकरीकडं येऊ नये म्हणून
ताटाखाली खडा सरकवतो ना,
तेवढाच.

इनास गोम्स दगडाला हातोडीनं हाक मारतो.
आतून पोकळ जांभा खोकतो.
खणखणीत बोलला तरच त्याला जागा,
नाहीतर कारवीत फेकून देतो, "जा, गार्डनमध्ये बस."
आठवडाभर कास्टिंगं अशीच तपासतो तो,
फक्त तिथं सुपरवायझर असतो,
इथं जळवा.

पहिल्या वर्षी आम्ही सरळ रेघ मारली होती वरपर्यंत.
गवळीवाड्यावरची ठकू येडगे
डोक्यावर ताकाची कासांडी घेऊन उभी राहिली,
बराच वेळ बघत.
मग म्हणाली, "म्हस हितनं जात न्हाई."
एवढंच. आणि गेली.
दोन महिन्यांचं काम आम्ही उकललं
आणि म्हशींच्या मागनं पुन्हा वाट आखली,
किंजळीला वळसा, कातळाला वळसा,
जिथं म्हस थांबते तिथं
आपल्यालाही धाप लागते, हे नंतर कळलं.

खाली फलक लावायचा होता.
कुठल्या भाषेत, यावर एक रविवार गेला.
कुठली वर, कुठली खाली, यावर दुसरा.
तिसऱ्या रविवारी डबा उघडला
तर रंग वाळून टणक,
काडी मोडली आत.
कुणीच काही बोललं नाही.
इनासनं तीन दगड एकावर एक ठेवले,
लहानगा वर,
आणि आम्ही चिरमुरे सोडले.

मुगळी गार्ड वरनं उतरत आला तेव्हा.
बूट आपटून माती झाडली, मागं वळून बघितलं,
"दारी चलो आगेद री."
कानडीत दारी म्हणजे वाट,
हे मला जन्मापासनं ठाऊक.
पण त्या दिवशी कान मराठीच राहिला
आणि वाटलं, हा माणूस सांगतोय
की कोणीतरी दारी आलंय.
मी उठून बघितलंसुद्धा.
वळणावर नव्या पायरीच्या मधोमध
गव्याचं शेण, वाफाळतं.

यंदा भरमाणीचा गुडघा गेला.
मोल्डिंगचं ओझं तीस वर्षं,
वर रविवारचं हे.
डॉक्टरनं जिनासुद्धा बंद केलाय.
पठारावर एका खडकाजवळ रेंज येते,
तिथं उभं राहायच्या आधीच त्याचा फोन.
घरचं विचारत नाही, पावसाचं नाही,
"सत्तावन्न हलालाय काय रे?"
सत्तावन्न त्यानं एकट्यानं बसवलेली,
उताणं झोपून, छातीवर धोंडा घेऊन.

"न्हाई," मी म्हटलं.
हलत होती.
तासाभरापूर्वी खाली चीप ठोकली,
वर दोनदा उड्या मारून बघितलं,
मगच वर चढलो होतो.

पलीकडं तो गप्प. मागं कुकरची शिट्टी.
तेवढ्यात कॉलेजची पोरं आली,
पाच-सहा, हसत, एकमेकांना ढकलत,
एकाच्या कानात वायर,
आणि धडाधडा उतरायला लागली.
मी फोन कानालाच धरून कड्याशी गेलो, वाकून बघत.
वायरवाला सत्तावन्नवर आला,
सगळं वजन टाकून,
आणि पुढं गेला.

"भरमाणी," मी म्हटलं,
"एक पोरगं आत्ता गेलं तुझ्यावरनं.
खाली बघितलंसुद्धा न्हाई त्यानं."

"खरं?" तो म्हणाला.
"खाली न्हाईच बघितलं?"